एकोणिसाव्या दिवसाचा आवाज

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला लाँड्रीवरच्या संकलनाच्या खोलीतून अशी किंकाळी आली, की खाली इस्त्री करणाऱ्या माणसाने इस्त्री उभी ठेवून छताकडे पाहिलं.

किंकाळी चिमणीची होती. चिमणी म्हणजे सिनेमाची दिग्दर्शिका. वय छत्तीस. बाहेर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण मावशीने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं.

"मावशी, एकोणिसावा दिवस नाहीये!"

मावशी खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. "नाहीये म्हणजे? मी होते की त्या दिवशी तिथे."

"आवाज नाहीये गं. शेवटच्या प्रसंगाचा. अक्कांचं सगळं बोलणं गेलं."

चष्मा पुसणारा हात थांबला.

सिनेमा होता एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईचा. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज जोडून दिलेली बाई शेवटच्या प्रसंगात खिडकीशी उभी राहून पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलते. चार मिनिटं, एकटी. सगळा सिनेमा त्या चार मिनिटांकडे चालत येतो. ते काम अक्कांनी केलं होतं. अक्का मोठी नटी, मावशीची चाळीस वर्षांची मैत्रीण. चित्रीकरण संपल्यावर तीन महिन्यांनी अक्कांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता त्या गळ्यात पाटी अडकवतात आणि खडूने लिहून बोलतात.

शनिवारी दुपारी चारला पहिला खेळ होता. अक्का पहिल्या रांगेत बसून स्वतःचं शेवटचं बोलणं ऐकणार होत्या.

"दोन्ही प्रती पाहिल्यास?" मावशीने विचारलं.

"दोन्ही. एक इथली, एक माझ्या घरच्या कपाटातली. 'दिवस एकोणीस' नावाची घडी, ते फोल्डर, दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे रिकामी. ध्वनियंत्रातलं मूळ कार्डही डबीत नाही." चिमणी मटकन खाली बसली. "कुणीतरी केलंय हे, मावशी. मुद्दाम."

२

मावशीचा धंदा असा, की तो नीट केला तर कुणाला दिसत नाही. नटाने मघाशी पेला डाव्या हातात धरला होता की उजव्या, शाल कुठल्या खांद्यावर होती, वाटीत किती घास उरले होते, हे सगळं वहीत टिपून ठेवायचं. एक प्रसंग तीन दिवस चित्रित होतो आणि पडद्यावर तीन मिनिटांत संपतो. मधले सांधे दिसू नयेत म्हणून ही वही. चाळीस वर्षं तिने सांधे लपवले. चूक झाली तरच प्रेक्षक म्हणणार, अरे, हिची शाल कुठे गेली? बरोबर असलं तर कोण काय म्हणणार!

मोठमोठ्या स्टुडिओंमध्ये तिने कामं केली होती. तिथे दिवे उचलायला चाळीस माणसं आणि सावली धरायला एक. पण तिला जीव लावला तो चिमणीच्या या सिनेमाने. दोन वर्षं फक्त रविवारी चित्रीकरण चाललं, कारण बाकीचे सहा दिवस सगळ्यांना नोकऱ्या होत्या. कॅमेरा एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा. दिवे शाळेच्या नाटकाचे. जेवण चिमणीच्या सासूबाई करत आणि वाढताना प्रत्येकाला विचारत, "संपला का गं पिक्चर?" कुणी गाडी दिली, कुणी घर दिलं, कुणी सुट्टी टाकून रस्ता अडवायला उभं राहिलं. ज्याने जे दिलं त्याचं नाव शेवटी पडद्यावर येणार होतं. तीनशे अकरा नावं. अशी भाबडी, हट्टी माणसं मावशीने तरुणपणी दोन-तीन पाहिली होती. आता इथे खोली भरून होती.

आणि त्यांच्यातलाच कुणीतरी चोर?

तिने वही काढली. एकोणिसाव्या दिवसाचं पान असं होतं:

'शेवटचा प्रसंग. अक्का खिडकीत. कॅमेरा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर. तालीम एकदा, पूर्ण. काचेत लाल ठिपका, काळी पट्टी लावली. घड्याळ थांबवलं. टेक एक: मोटार आडवी. टेक दोन: अक्का पाठमोऱ्या, बाद. टेक तीन: चांगला. टेक चार: उत्तम. खोलीची शांतता, अर्धा मिनिट.'

शेवटची ओळ प्रत्येक दिवसाच्या पानावर होती. प्रत्येक खोलीला तिची स्वतःची शांतता असते. ती अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करायची, म्हणजे दोन वाक्यांच्या मध्ये भरायला उपयोगी पडते. तेवढा वेळ सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. सासूबाईंना त्या दिवशी नेमका ठसका लागला होता आणि त्यांनी तोंडात पदर कोंबून डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

"कॅमेऱ्यात नाही का आवाज?" तिने विचारलं.

"कॅमेरा रस्त्यापलीकडे. त्यात नुसत्या मोटारी."

"वितरक काय म्हणाला होता मागे?"

चिमणीचा चेहरा कडू झाला. "म्हणाला, म्हातारी खिडकीत चार मिनिटं बोलते, कोण बसून ऐकणार? तेवढं कापा, मग सहा गावांत थिएटरं देतो. मी नाही म्हटलं. म्हणून तर आपण स्वतः थिएटर घेऊन लावतोय."

"आणि कात्री?"

कात्री म्हणजे संकलक.  चिमणी हळूच म्हणाली, "कात्रीही म्हणत होता, कापू या."

३

त्या दिवशी कार्डांची डबी अक्कांच्या लेकीच्या गाडीतून गेली होती, म्हणून मावशी आधी तिच्याकडे गेली. लेक दातांची डॉक्टर. ती एका गृहस्थांच्या तोंडात आरसा घालून उभी होती.

"मावशी, बसा. यांना काही बोलता येणार नाही, तुम्ही बोला."

"एकोणिसाव्या दिवसाचं कार्ड हरवलंय."

आरसा खुर्चीवरच्या दातांवर टक्कन आपटला. गृहस्थ 'आँ' म्हणाले.

"आईचं बोलणं?"

"तेच. तुला तो प्रसंग आवडला नव्हता. आईला असं थकलेलं दाखवू नका, म्हणून भांडली होतीस."

"भांडले होते." लेकीने आरसा ताटलीत ठेवला. "तेव्हा मला काय माहीत, ते तिचं शेवटचं बोलणं ठरेल! मावशी, माझ्या फोनवर तिचा एक निरोप राहिलाय. 'येताना लिंबं आण.' एवढाच. रोज ऐकते मी तो. आणि मी तिची चार मिनिटं चोरीन?"

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. खुर्चीतले गृहस्थही डोळे मिचकावू लागले.

"एक सांगू?" लेक नाक पुसत म्हणाली. "ती डबी मी गाडीत उघडली होती. आईच्या गोळ्यांची समजून. एक खाच तेव्हाच रिकामी होती."

म्हणजे कार्ड त्याच संध्याकाळी, सामान गाडीत जायच्या आधीच बाजूला झालं होतं. तेव्हा अक्कांचा आवाज ठणठणीत होता. तेव्हा वितरकाने सिनेमा पाहिलाही नव्हता. मग ते चोरून कुणाला काय मिळणार होतं?

जिना उतरताना तिच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि ती पायरीवरच थांबली. चोर असता तर त्याने घडीसकट सगळं पुसलं असतं. आणि चिमणीच्या कपाटाची किल्ली एकट्या चिमणीकडे. दोन्ही ठिकाणी घडी आहे, आत काही नाही. म्हणजे कुणी पुसलं नाही. कुणी घड्या तयार केल्या आणि त्यांत काही भरलंच नाही.

४

कात्री मिशीवाला, टकलू आणि तापट. मावशीला पाहताच तो खुर्ची गरकन फिरवून म्हणाला, "आलात? घ्या, झडती घ्या. मीच खाल्लं कार्ड. मिठाबरोबर."

"कापू म्हणत होतास ना?"

"म्हणत होतो. अहो, कापणाऱ्या माणसाने कापू म्हणायचं असतं, तो धर्म आहे आमचा. पण मग तो प्रसंग सलग लावला आणि पाहिला. नुसते अक्कांचे हलणारे ओठ, आवाज नाही. मावशी, मी आवाजाशिवाय रडलो. तेव्हापासून म्हणत नाही."

"आवाजाशिवाय कसा लावलास?"

"ओठांवरून. सगळ्या प्रसंगांची चित्रं आधी जोडली आणि संवाद एकेक करून चढवत आलो. शेवटचा शेवटी. म्हणून तर आज कळलं. हे बघा."

पडद्यावर अक्का खिडकीशी आल्या. ओठ हलू लागले. आवाज नव्हता, पण अगदीच मुकंही नव्हतं. खोलीची शांतता होती. आणि त्या शांततेत अगदी बारीक, टिक, टिक, टिक.

"थांब," मावशी म्हणाली. "ही शांतता कुठून आणलीस?"

"आपल्या ध्वनीवाल्या कानसेनने दिली. सगळ्या दिवसांच्या शांततांचं एक गाठोडं केलं होतं त्याने. त्यातली एकोणिसाव्याची."

मावशी खुर्चीत मागे टेकली. तिच्या डोळ्यांसमोर ते घर आलं. ते घर देणारे आजोबा. त्यांच्या भिंतीवर लंबकाचं घड्याळ. ध्वनीवाला म्हणाला, टिकटिक येतेय, बंद करा. आजोबा म्हणाले, हे घड्याळ माझ्या बायकोने लावलेलं, ते थांबलेलं मला बघवत नाही. शेवटी तह झाला. टेक सुरू होताना मावशीने बोटाने लंबक धरायचा. टेक संपला, की आजोबांनी येऊन तो पुन्हा ढकलायचा. दिवसभर दोघांची ती कवायत चालली होती. शांतता मुद्रित करतानाही लंबक मावशीच्याच बोटात होता.

मग या शांततेत टिकटिक कशी?

"अरे देवा," मावशी म्हणाली. "बिचारा."

"कोण बिचारा?" कात्रीने विचारलं.

पण मावशीने पिशवी उचलली होती.

५

ध्वनीवाल्याला सगळे कानसेन म्हणत. शेजारच्या इमारतीतला फ्रिज बंद करून यायला लावणारा माणूस. दोन वर्षं त्याने एक रविवार चुकवला नव्हता. एकदा ताप अंगावर काढून पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता, कारण तिथून पाखरांचा आवाज चांगला येत होता. त्याच्या खोलीच्या भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकलेली होती आणि आत शिरलं की कान बधिर झाल्यासारखे वाटत.

"चहा?" तो म्हणाला. मावशीकडे बघत नव्हता.

"आधी ही ओळ वाच." तिने वही पुढे केली.

त्याने वाचलं. "काचेत लाल ठिपका, काळी पट्टी लावली."

"ठिपका कसला होता?"

"माझ्या यंत्राचा दिवा. काचेत पडत होता. तुम्हीच पाहिलात, आणि मी त्यावर काळी पट्टी चिकटवली."

"कधी पाहिला मी?"

"तालमीच्या वेळी."

"आणि तो दिवा कधी लागतो रे?"

कानसेनने वही खाली ठेवली. 

"यंत्र मुद्रण करत असेल तेव्हाच लागतो," मावशी सावकाश म्हणाली. "म्हणजे तालमीत यंत्र चालू होतं. माइक बघायला तू लावलं असशील आणि बंद करायचं राहिलं. बटण एकच. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. चिमणी पलीकडे गच्चीवर होती, म्हणून 'चालू' मी म्हटलं, तू बटण दाबलंस आणि ते बंद पडलं. मी 'कट' म्हटलं, तू दाबलंस, ते सुरू झालं. कानाला लावलेल्या हेडफोनमधून तुला सगळं ऐकू येतच होतं, ते मुद्रण चालू असो की नसो. दिवा असता तर दिसलं असतं. पण दिव्यावर मी पट्टी लावायला लावली. दिवसभर सगळं उलटं. टेक एकही नाही, मधल्या गप्पा सगळ्या आहेत. म्हणून तुझ्या शांततेत टिकटिक आहे. घड्याळ चालायचं ते टेकच्या मधेच."

कानसेनने तोंड ओंजळीत धरलं.

"संध्याकाळी प्रती करायला बसलो. घड्या तयार केल्या. चौथा टेक उत्तम झाला होता म्हणून शेवटची फाईल आधी लावली. तर त्यात टेक नाही. आजोबा म्हणतायत, चला, माझं घड्याळ सोडा. मागच्या लावल्या, त्यांतही तेच. तीस वर्षांत असं झालं नव्हतं, मावशी. कार्ड खिशात घातलं. म्हटलं, एखाद्या दुपारी अक्कांना बोलावू, पुन्हा बोलवून घेऊ, मग हसत हसत सांगू. आज सांगू, उद्या सांगू. आणि एक दिवस फोन आला, की अक्कांचं ऑपरेशन ठरलं."

तो उठला. चष्म्याच्या घरातून त्याने नखाएवढं कार्ड काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"माझं नाव काढून टाका शेवटच्या यादीतून."

"सगळ्या फाईली ऐकल्यास?"

"पहिली सोडून. ती चाळीस मिनिटांची आहे. टेबलं सरकवणं, दिवे लावणं. काय असणार त्यात?"

मावशीने वहीतल्या तीन शब्दांवर बोट ठेवलं.

"तालीम एकदा, पूर्ण."

६

चौघं लाँड्रीवरच्या खोलीत दाटीवाटीने बसली. चिमणी कानसेनकडे बघत नव्हती. कात्रीने फाईल लावली. टेबल सरकलं. कुणी म्हणालं, पंखा बंद करा. सासूबाईंनी विचारलं, संपला का गं पिक्चर? मग दार लोटल्याचा आवाज आला, टिकटिक ऐकू येऊ लागली, आणि अगदी जवळून, तालमीत बोलतात तसा हलक्या आवाजात, अक्कांचा आवाज.

"जन्मभर लोकांचे फोन जोडले. कुणाला मुलगा झाला, कुणाची नोकरी गेली, मला आधी कळायचं..."

 टेकमध्ये अक्का पडद्यासाठी बोलल्या होत्या. इथे त्या समोरच्या बाईला सांगत होत्या.

"एकदाच मी एक फोन जोडला नाही." अक्का थांबल्या. चार टिकटिक गेल्या. आणि दुसराच एक आवाज आला, हलका, पुढे झुकलेला.

"मग?"

"मग काय! जन्मभर तो वाजत राहिला."

मावशी दचकली. "अगं बाई, ही मी! माझी तालमीत काय बोलायची टाप? मी विसरलेच गं. खरं वाटलं मला. काढा ते, काढा."

"ओठ जुळणार नाहीत पण," कात्री म्हणाला. "तालीम संथ आहे."

"टेक दोन," मावशी म्हणाली. "अक्का बोलायला लागण्याआधीच पाठमोऱ्या झाल्या म्हणून चिमणीने बाद केला होता. सुरुवात तिसऱ्याची घे, अक्का खिडकीशी येईपर्यंत. बोलायच्या आत दुसऱ्यावर जा. शाल दोन्हीकडे डाव्या खांद्यावरच आहे, सांधा दिसणार नाही."

"मी टिकटिक काढून देतो," कानसेन कसाबसा म्हणाला. "मावशींचाही शब्द निघेल."

चिमणी पहिल्यांदा त्याच्याकडे वळली.  "सांगितलं का नाहीस रे? चिडले असते, ओरडले असते, दोन दिवस. पुढच्या रविवारी पुन्हा चित्रीकरण केलं असतं. अक्कांचा आवाज होता तेव्हा."

"होय," तो म्हणाला. 

"टिकटिक राहू दे. मावशीही राहू दे. आणि तुझं नाव काढायला वेळ नाहीये, यादी लागली आहे. बस कामाला."

तो कामाला बसला, तो शुक्रवारी दुपारीच उठला.

७

शनिवारी थिएटर भरलं. तीनशे अकरा नावांपैकी बहुतेक माणसं आली होती आणि प्रत्येकाने आपापला वाटा शेजाऱ्याला दाखवायला सुरुवात केली. "तो रस्ता मी अडवलाय." "ती खुर्ची आमची." सासूबाईंनी दोनदा सांगितलं, की पडद्यावरच्या वाटीतलं जेवण त्यांच्या हातचं आहे. लोकांना गप्प करता करता दारावरच्या माणसाचा घसा बसला.

शेवटचा प्रसंग आला. अक्का पडद्यावर खिडकीशी आल्या आणि सावकाश पाठमोऱ्या झाल्या. आता दिसत होती नुसती शाल आणि काचेतली अंधूक सावली, आणि आवाज इतका जवळून येत होता, की जणू अक्का प्रत्येकाच्या शेजारच्या खुर्चीत बसून बोलत होत्या. मागे टिक, टिक.

"आमचं घड्याळ!" अंधारात आजोबा मोठ्याने म्हणाले. कुणीही त्यांना शू केलं नाही.

पहिल्या रांगेत अक्कांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. लेकीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला होता. अगदी मागे, दाराजवळ, कानसेन उभा होता. त्याला बसवत नव्हतं.

"एकदाच मी एक फोन जोडला नाही."

चार टिकटिक.

"मग?"

चाळीस वर्षं एवढ्या सिनेमांत जिने स्वतःचं बोटही दिसू दिलं नव्हतं, तिचा आवाज सगळ्या थिएटरभर पसरला आणि मावशीला कुठे तोंड लपवू असं झालं.

दिवे लागले. टाळ्या बराच वेळ थांबेनात. चिमणीला लोकांनी घेरलं होतं. मावशीने अक्कांना सगळं आधीच सांगितलं होतं. अक्कांनी मागे वळून हात लांब केला आणि दाराकडे बोट दाखवलं. कानसेन मान खाली घालून आला. अक्कांनी त्याचा उजवा कान धरला, चांगला पिळला आणि मग त्याच कानावर हात फिरवला. तो लहान मुलासारखा रडला.

मग अक्कांनी गळ्यातली पाटी मांडीवर घेतली आणि खडू शोधला. बराच वेळ लिहीत होत्या. लिहून झाल्यावर पाटी मावशीकडे फिरवली.

'टेक दोनच चांगला होता, मी तेव्हाच म्हटलं होतं.'

मावशी हसली. "म्हटलं होतंस बाई. वहीत नाही लिहिलं मी."

अक्कांनी तळहाताने पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या वेळी अक्षरं मोठी होती.

'जन्मभर मी बोलले, तू टिपून घेतलंस. आता तू बोल.'

मावशीने पिशवीतली वही काढली, अक्कांच्या हातात दिली, आणि शेजारच्या खुर्चीत बसून बोलायला लागली.